बरणीचं तेवढं काढ

६ जानेवारी २०२५, सोमवार. रात्री पावणेअकराला अहवालाचा मसुदा मेलने गेला. लॅपटॉप मिटला आणि आईला म्हटलं, "सुटले एकदाची." ती म्हणाली, "हुमण गरम करू?" एवढाच समारंभ.

कार्यक्रम तीन वर्षांचा होता. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या दोन पंचायतींमधले बचत गट, त्यांना कर्ज, कोकम-काजू-पापडाचं प्रशिक्षण, थोडी यंत्रं. पैसे देणारी संस्था बाहेरची. मूल्यमापनाला आम्ही तिघं. बायकांच्या मुलाखती आणि गटचर्चा माझ्याकडे, कारण मी इथलीच, बोलीचा प्रश्न नाही. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

तर, सुटले नव्हते. कंत्राटाच्या एकोणीस पानांपैकी अठराव्या पानावर एक ओळ होती. सही करताना ती वाचली होती आणि लगेच विसरलेही होते. निष्कर्ष संबंधित गावांत लिंगभाव-संवेदनशील पद्धतीने मांडावेत. त्यासाठी तरतूद १५,००० रुपये. कुणापुढे, किती वाजता, कुठल्या भाषेत, याबद्दल अवाक्षर नाही. त्या ओळीने माझे पुढचे चार महिने खाल्ले.

मी आधी वाचायला बसले. संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यमापन गटाची २०१४ची मार्गदर्शिका आहे, मानवी हक्क आणि लिंगभाव समानता मूल्यमापनात कशी आणावी याची. ती म्हणते, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यापर्यंत निष्कर्ष परत न्या, त्यांना समजेल अशा रूपात न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या सूचना घरातल्या हिंसेवरच्या संशोधनासाठी आहेत. बाईची सुरक्षितता सगळ्यात आधी, एका घरातून एकीचीच मुलाखत, गावात विषयाचा गाजावाजा नको. सगळं पटण्यासारखं. पण बैठक तीनला ठेवायची की पाचला, आणि पोरं कोण सांभाळणार, हे त्यात नसतं. ते लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

तारखेपासूनच अडलं. माझ्या डोक्यात जानेवारीचा दुसरा आठवडा होता. गटाच्या अध्यक्ष काकींना फोन केला तर त्या हसल्याच. "पौष चालू आहे गो बाय. धालो आहेत. रात्रभर मांडावर जागून दुपारी तुझे आकडे कोण बघणार?" धालो म्हणजे पौषातली बायकांची रात्रीची नाचगाणी, मांड म्हणजे ती होतात ती जागा. १३ला पुनव होती. बरोबर होतं त्यांचं. मग कार्यक्रमाच्या समन्वयकाने सुचवलं, हळदीकुंकवाला जोडून घेऊ, संक्रांत ते रथसप्तमी बायका एकत्र येतातच, चहापाणीही त्यातच होईल. मला ते फार आवडलं. खर्च वाचत होता. मी होकार देऊन टाकला, दोन गटांना निरोपही गेले.

तिसऱ्या दिवशी गटातल्या एका तरुण सभासदाचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मग त्या तिघी येणार नाहीत ना." अकरा जणींच्या त्या गटात तिघी विधवा आहेत. आणि कर्जाचा एकही हप्ता न चुकवणाऱ्या त्या तिघीच, हे मीच अहवालात लिहिलं होतं. बायकांना सोयीचं म्हणून जे मी निवडलं, त्यात त्यांच्यातल्याच तिघी दाराबाहेर राहिल्या असत्या. निरोप मागे घेतले. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला, म्हणून बैठक ८ला, शनिवारी दुपारी तीनला ठरली. शुक्रवार नको, त्या दिवशी निम्म्या जणी म्हापशाच्या बाजाराला. आणि फेब्रुवारी संपायच्या आत हवी, कारण काजूचा हंगाम भरात आला की सकाळी बिया गोळा करणं, दुपारी बोंडू (काजूची फळं), मग मे संपेपर्यंत कुणी सापडत नाही.

जागा अंगणवाडी. पंचायतीची खोली मिळत होती, पण तिच्या खिडकीबाहेर कायम चार माणसं उभी असतात. देवळाची अग्रशाळा मोठी आणि फुकट, पण महिन्याच्या त्या चार दिवसांत कुणी आत यायची नाही. अंगणवाडी शनिवारी दुपारी रिकामी असते, वाड्याच्या टोकाला आहे, आणि तिथे जाणाऱ्या बाईला कुठे चाललीस असं कुणी विचारत नाही. परवानगीसाठी अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. मी पहिल्यांदा एकच प्रत नेली आणि नऊ किलोमीटर परत जाऊन दुसरी आणली.

आता मांडायचं काय, ते. माझ्याकडे बावीस स्लाइड तयार होत्या, रंगीत स्तंभ वगैरे. रात्री त्याच स्लाइड गावातल्या माणसाच्या नजरेने बघायला बसले आणि पोटात गोळा आला. 'गट क्रमांक ४ : ११ पैकी २ सभासदांनी कर्ज बुडवले.' अकरा बायकांच्या गटात त्या दोघी कोण, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तेव्हा नियम केला, पाचपेक्षा लहान आकडा कुठेच छापायचा नाही. पण तेवढ्याने भागत नाही. एकूण दिलं आणि बाकीच्या वाड्यांचे आकडे दिले की राहिलेला वाडा वजाबाकीने निघतो. गावात वजाबाकी चांगली येते. म्हणून वाडावार आकडे गेले, दोन्ही पंचायती मिळून एकच आकडा ठेवला. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे 'सगळ्यांनी' हा शब्द. 'गटातील सर्व सभासदांनी सांगितले की नवऱ्याला न सांगता थोडी बचत बाजूला ठेवतात.' नाव एकाही बाईचं नाही, आणि तरी अकराच्या अकरा जणींची नावं घेतल्यासारखंच. ते वाक्य मीच लिहिलं होतं, आणि ते ६ तारखेच्या मेलमधून गेलंही होतं.

स्लाइड टाकून दिल्या. प्रत्येक निष्कर्षाची एक चिठ्ठी केली, अशा चौदा. वर चित्र, खाली मराठीत एक ओळ. इथे बोलणं कोकणीत चालतं, पण बायका वाचतात ते मराठी वर्तमानपत्र, भजनाच्या वह्याही मराठी. त्यामुळे लिहिलेलं मराठी आणि तोंडी कोकणी, ही विभागणी कुणाला खटकली नाही. चित्रं ओळखीच्या एका मुलाने ३,००० रुपयांत काढून दिली. फोटो वापरले नाहीत. पाठमोरा फोटोही नको, लुगड्यावरून माणूस ओळखतात. (चित्रांवरूनही बायका हसल्याच. चुलीपुढची बाई नऊवारीत होती. "कामाला असं कोण नेसतं? गाऊन घाल तिला.")

८ फेब्रुवारी. पावणेतीनला मी आणि मदतीला आणलेल्या दोन कॉलेजच्या मुली. त्या बाहेरच्या ओट्यावर पोरं सांभाळणार होत्या, प्रत्येकी ३०० रुपये. लांबच्या वाड्यावरून बायकांना आणायला गाडी, फेरीला ६०० रुपये. तीनची बैठक सव्वातीनला भरली, तेवीस जणी. त्या तिघीही आल्या होत्या. खुर्च्या अंगणवाडीच्या, चार वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. त्यामुळे सगळ्याच जमिनीवर, मीही.

कोपऱ्यात खेळण्यांची प्लास्टिकची तीन टबं होती, लाल, हिरवं, निळं. ती रिकामी करून मधे ठेवली. हिरवं म्हणजे सगळ्या गावापुढे सांगायचं. निळं म्हणजे आपल्यातच. लाल म्हणजे कुठेच नाही, अहवालातूनही काढायचं. मी एकेक चिठ्ठी वाचायची, त्यांनी बोलायचं, आणि कुठे टाकायची ते त्यांनी ठरवायचं. एकमत नसेल तर जास्त सावध टबात.

मनातल्या मनात मी आधीच चिठ्ठ्या वाटून ठेवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या चुकल्या. थकलेले हप्ते ही लाजेची गोष्ट, निळ्यात जाईल, असं धरलं होतं. "घाल हिरव्यात," काकी म्हणाल्या. "यंत्र सहा महिने बंद होतं म्हणून हप्ते थकले, हे गावाला कळू दे. आम्ही उधळे नाही." आणि मिळकतीची चिठ्ठी. सरासरी उत्पन्न किती वाढलं, ही मला सगळ्यात निरुपद्रवी आणि अभिमानाची वाटत होती. तिच्यावर सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "आणि गृह आधार?" २०१२पासूनची गोवा सरकारची ही योजना, लग्न झालेल्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येतात, पण घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. गटाची मिळकत भिंतीवर लागली की कुणीतरी बेरीज करणार आणि अर्ज ठोकणार, हिचं घर बसत नाही म्हणून. खरं उत्पन्न कितीही असो, चौकशीचे हेलपाटे बाईलाच. चिठ्ठी निळ्यात गेली. या गावात मी तीन महिने उत्पन्न विचारत फिरले होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कर्ज कुणी वापरलं, ही चिठ्ठी आली तेव्हा सूर बदलला. माझी ओळ होती : 'बऱ्याच घरांत कर्ज पतीने वापरले.' प्रश्नावलीत पर्यायच तीन होते, स्वतः, पतीने, इतरांनी. एक वयनी म्हणाली, "हांवें दिले." पलीकडची म्हणाली, "तुवें दिले. म्हज्याकडल्यान व्हेले." तू दिलेस, माझ्याकडून नेले. दोघींच्या फॉर्मवर मी एकाच चौकोनात खूण केली होती.

मग बराच वेळ त्यावरच गेला. हा खाणींचा भाग. २०१२ला खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्चपासून सगळं ठप्प. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे, त्यांचे हप्ते चालू. काही घरांत नवराबायको रात्री बसले, हिशेब मांडला आणि गटाचं कर्ज ट्रकात घातलं. काही घरांत पासबुक कपाटातून गेलं आणि कळलं नंतर. मी मुलाखतीच्या वह्या काढल्या आणि त्यांच्या समोरच पुन्हा वाचल्या. त्यांचे शब्द वहीत जसेच्या तसे होते, दिले, नेले, मागून घेतले. इंग्रजी तक्त्यात जाताना सगळ्यांचं एकच क्रियापद झालं होतं. त्या रात्री तक्ता नव्याने केला, आणि अहवालाचा अख्खा चौथा भाग बदलला.

एक गोष्ट मधेच. गोव्यात लग्नानंतर मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा धरतात, पोर्तुगीज काळातल्या १८६७च्या नागरी संहितेपासून चालत आलेलं. त्याबद्दल बाहेरच्या लोकांना फार कौतुक असतं, आमच्या पैसे देणाऱ्या संस्थेलाही होतं. काकींनी त्यावर एवढंच म्हटलं, "एक-चौदावर नाव आहे गो माझं. कागद कपाटात. कपाटाची चावी विचार." एक-चौदा म्हणजे इथला जमिनीचा उतारा. ही चिठ्ठी हिरव्यात टाकताना सगळ्या हसल्या.

आणि मग बरणी.

अकराव्या चिठ्ठीवर मी एका बाईचं वाक्य घातलं होतं. अहवालातही ते चौकटीत, ठळक अक्षरात होतं. नाव नाही, वय नाही, वाडा नाही. "दर आठवड्याला थोडे पैसे मी सोलांच्या बरणीत तळाला ठेवते. मुलीच्या फीला लागतात." मला ते वाक्य फार प्रिय होतं. वाचून दाखवताना माझा आवाजही थोडा हलला असावा. जिचं वाक्य होतं ती समोर बसली होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी भिंतीवरच्या अ-आ-ईकडे बघत होते.

बोलली ती नव्हेच, दुसरीच. "तें बरणीचें काड गो बाय. फाल्यां गांवांतले सगळे घोव बरण्यो सोदतले." ते बरणीचं काढ, उद्या गावातले सगळे नवरे बरण्या शोधतील.

क्षणभर कुणी बोललं नाही, आणि मग तेवीस जणी अशा हसल्या की ओट्यावरची पोरं दारात आली. हसण्यातच माझ्या लक्षात आलं, त्या का हसताहेत. बरणी एकीची नव्हती. मी एका बाईला झाकत बसले होते, नाव काढलं, वय काढलं, वाडा काढला, आणि छापणार होते ती गावातल्या अर्ध्या बायकांची लपवायची जागा. चिठ्ठी लाल टबात पडली. टाकली तीही तिनेच, जिचं वाक्य होतं.

बैठक सव्वापाचला संपली. हिरव्यात सहा, निळ्यात पाच, लालमध्ये तीन. चहा आणि पातळभाजी-पाव. उठताना मी विचारलं, हिरव्यातलं सगळं आवाजात भरून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का, ज्या आल्या नाहीत त्यांना ऐकता येईल. "कुणाच्या मोबाइलवर?" एकीने विचारलं. बऱ्याच घरांत तो मोबाइल नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. तेही रद्द. न आलेल्यांना सांगायला प्रत्येक गटातल्या एकीने घरोघर जायचं ठरलं.

लालमधल्या तीनांपैकी दोन चिठ्ठ्या घरातल्या मारहाणीबद्दल होत्या. हप्त्यावरून होणाऱ्या. त्या मी मुळात आणायलाच नको होत्या, तेवीस जणींच्या बैठकीतही नको. एक वयनी चिठ्ठी वाचून होईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. अजून ते बोट दिसतं. गावात त्यावर एक शब्दही बोलायचा नाही असं ठरलं, आणि संस्थेला गावाचा उल्लेख नसलेली वेगळी टिपणी गेली. गावात वाटलं ते फक्त एक कार्ड. १०८ रुग्णवाहिका, ११२ तातडीची मदत, १९१२ वीज, १०९८ मुलांसाठी, आणि त्यांच्या मधोमध १८१ महिलांसाठी. विजेच्या नंबराचं कार्ड फ्रिजवर लावायला कुणाची हरकत नसते. नुसतं १८१चं कार्ड कुठल्याही बाईने घरी नेलं नसतं.

आता कागदपत्रं. पैसे देणाऱ्या संस्थेला बैठकीचे फोटो हवे होते, ठिकाण आणि वेळ छापून येणारे, शिवाय नाव-सही-मोबाइल असलेला हजेरीपट. मी बायकांचे हात आणि चिठ्ठ्या यांचे फोटो पाठवले. हजेरीपटावर 'बचत गट बैठक' एवढंच शीर्षक, मोबाइलचा रकाना रिकामा. दोनदा परत आले. तिसऱ्यांदा कारण लिहून पाठवलं तेव्हा मान्य झाले. त्याहून अवघड होतं जानेवारीचा मसुदा मागे घेणं. तिथल्या बाईंचं म्हणणं, "पण त्यात नाव कुठे आहे?" मी बरणीचा किस्सा सांगितला. पलीकडे जरा शांतता, मग "पाठवा सुधारित प्रत." ती ३ मार्चला गेली. जुनी प्रत पुसून टाकल्याचं लेखी कळवा, असं चौघांना लिहिलं होतं. दोघांनी कळवलं. उरलेल्या दोघांच्या मेलबॉक्समध्ये ती बरणी अजून असणार. माझी चूक, आणि आता ती दुरुस्त होत नाही. तेव्हा पहिला मसुदा जायच्या आधी गावात जा, नंतर नव्हे. माझा क्रम उलटा झाला.

पुरुषांची बैठक १६ फेब्रुवारीला, रविवारी संध्याकाळी साडेसहाला, मैदानाशेजारच्या सभागृहात. भाडं ५००. घेतली माझ्या सहकाऱ्याने, मी गेले नाही. वेगळी कशाला, बायकांचाच तर कार्यक्रम, असा आमच्यातच वाद झाला होता. पण ऐकून न घेतलेला माणूस घरी जाऊन उत्तर मागतो, आणि ते बायकोलाच मागतो. एकोणीस जण आले. हिरव्या टबातलंच त्यांच्यापुढे ठेवलं, आणि सुरुवात कर्जापासून केली नाही. फळ्यावर घड्याळ काढलं, बायको किती वाजता उठते, तुम्ही किती वाजता, मधे कोण काय करतं. आपल्या बायकोचं घड्याळ भरताना काही जण अडले, एकाने बाजूच्याला विचारलं. कर्जाचा विषय निघालाच. मागे बसलेला एकजण उठून म्हणाला, "ट्रकाच्या हप्त्याक घाले, सोऱ्याक न्हय." दारूत नाही घातले. सहकारी सांगत होता, तो रागाने बोलत नव्हता, सात वर्षं हे कुणीतरी विचारील म्हणून थांबल्यासारखं बोलत होता. सुधारित चौथ्या भागात ट्रक आला तो असा दोन्हीकडून.

एकत्र बैठक २ मार्चला. शिवरात्र झाली होती, शिगमो यायचा होता, मधली फट. पुन्हा तेच सभागृह, पुन्हा ५००. खुर्च्या मांडल्या की पुढे पुरुष बसतात आणि बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. म्हणून सगळ्यांना चटया, खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांना. तरी एका पंच बाईंचे यजमान पहिल्या खुर्चीत येऊन बसलेच, आणि बाईंना विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं. काकी म्हणाल्या, "तुमचं झालं की वयनीचं ऐकू." मी मनात टाळी वाजवली. निष्कर्ष गटातल्या दोघींनी सांगितले, मी फक्त चित्रं धरली. प्रश्न कागदावर लिहून घेतले, हात वर करून नाही. हात वर करा म्हटलं की तेच तीन हात वर येतात. एक प्रश्न कोपऱ्यात पेन्सिलीने होता : यंत्र दुरुस्त कोण करणार? त्याचं उत्तर त्या दिवशी कुणाकडेच नव्हतं.

म्हणून ग्रामसभा. इथे ग्रामसभा रविवारी भरते, आमची २७ एप्रिलला होती. विषय घालून घ्यायचा तर नोटीस निघायच्या आधी सचिवांकडे पत्र पोचायला हवं. माझं दोन दिवस उशिरा पोचलं, म्हणून विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे' यात, म्हणजे शेवटी, म्हणजे सव्वाला, म्हणजे जेवायच्या वेळी. सात मिनिटं मिळाली. दोन्ही पंचायतींचे मिळून आकडे, ट्रकाचा उल्लेखही नाही. फक्त यंत्राच्या दुरुस्तीचं आणि दुपारी पंचायतीची खोली गटांना मिळण्याचं. खोलीचा ठराव झाला. यंत्राचं 'पाहू' झालं. बायका त्या दिवशी सहाच आल्या, काजूचा भर होता.

हिशेब लागतो लोकांना म्हणून देते. सभागृह १,०००, गाडी २,४००, पोरं सांभाळणाऱ्या मुली तीन बैठकांना १,८००, चहा-खाणं ४,२००, चित्रं ३,०००, झेरॉक्स आणि कार्डं ६४०, बाकी सटरफटर ४८०. एकूण १३,५२०. पोरं सांभाळण्याचे १,८०० लेखा विभागात अडकले, तसं शीर्षच नाही म्हणून. 'इतर खर्च' झाले ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प हवा असंही सांगितलं गेलं. तो ५,०००च्या वरच्या पावतीला लागतो, हे नम्रपणे सांगून बघा. मी सांगितलं, आणि तरी शेवटी एक रुपयाचे सहा स्टॅम्प चिकटवले, कारण मला घरी जायचं होतं.

हे सगळं लिहून काढायचं ठरवलं तेव्हा आधी त्या बाईला विचारायला गेले. ती, जिचं वाक्य होतं. दारात आमसुलं वाळत होती. मी सांगितलं, गावाचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही, पण ती लपवायच्या जागेची गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. काय करू? तिने बराच वेळ सोलं उलटी केली. खरी जागा काय ते तिला ठाऊक, त्या तेवीस जणींना ठाऊक आणि मला. मग म्हणाली, "बदलून बरय."

"काय लिहू?"

"बरणी बरय," ती म्हणाली. "बरणींत पयशे कोण दवरता गो?"